एपीक्यूपी म्हणजे कागदी घोडे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की एपीक्यूपी (नवा पार्ट बनवायच्या आधीच दर्जाचं नियोजन करायची वाहन उद्योगातली पद्धत) म्हणजे नुसते कागदी घोडे, पीपॅपची (पार्ट मंजूर व्हावा म्हणून कस्टमरला द्यायच्या पुराव्यांची) फाईल शेवटच्या आठवड्यात जुन्या पार्टवरून कॉपी मारून भरतात, आणि ज्या जीएम, फोर्ड, क्रायस्लरने १९९४ मध्ये एपीक्यूपीचं पुस्तक काढलं त्यातल्याच जीएमला २०१४ मध्ये इग्निशन स्विचपायी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, मग आम्हा चाकणच्या पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडरांना कशाला शिकवता.

कॉपी मारतात हे खरंय, त्यावर वाद नाही. पण ते स्विचचं प्रकरण तुमच्या नाही, माझ्या बाजूने बोलतं. किल्ली फिरवायला लागणारा टॉर्क स्पेकप्रमाणे किमान १५ न्यूटन-सेंटिमीटर हवा होता, सॅम्पल त्याच्या बरेच खाली येत होते, आणि हे २००२ मध्येच, गाड्या विकायला लागायच्या आधी माहीत होतं, तरी पार्ट पास झाला. मग जड कीचेन लटकली, गुडघा लागला की किल्ली सरकायची, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग गेलं, आणि मुख्य म्हणजे एअरबॅगच उघडायची नाही. आत मात्र बरीच वर्षं हा प्रकार 'ग्राहकाची गैरसोय' म्हणून धरला गेला, कारण किल्ली सरकली की एअरबॅगही बंद पडते हे स्विचवाल्यांनी जोडलंच नाही. डिझाईन एफएमईएला (डिझाईनमध्ये काय काय बिघडू शकतं याच्या आधीच घ्यायच्या आढाव्याला) सगळ्या खात्यांची माणसं एका टेबलावर बसवा म्हणतात ते याचसाठी. वर २००६ मध्ये स्विचच्या आतला प्लंजर (किल्ली जागेवर धरणारा छोटा दांडा) बदलला पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे नंतर तपास करणाऱ्यांना नव्या गाड्या ठीक का आणि जुन्या का नाहीत हे वर्षानुवर्षं कळेना. नुकसानभरपाईसाठी कंपनीच्याच फंडाने १२४ मृत्यू मान्य केले. म्हणजे खोट सापडली होती हो, सही करणाऱ्याने सोडली.

बाकी फाईल खरी की खोटी हे मी तारखेवरून बघतो. पीएफएमईएची (तोच आढावा, पण बनवण्याच्या प्रक्रियेचा) पहिली तारीख टूलच्या, म्हणजे डाय वगैरेच्या, ऑर्डरनंतरची असेल तर तो नुसता टायपिंगचा उद्योग. साधा डावा-उजवा ब्रॅकेट घ्या. दोन्ही सारखे दिसतात, लाईनवर अदलाबदल होणारच. ड्रॉइंगच्या वेळी एक भोक ५ मिमी सरकवलं की विषय संपला, पण डाय बनून आल्यावर तेच करायचं तर डाय रीवर्क, पार्ट धरायचं फिक्श्चर, मोजायचं गेज, परत ३०० पार्टची ट्रायल, आणि कस्टमरचा तो ओरडा वेगळाच! मग सगळे म्हणतात ऑपरेटरला ट्रेनिंग द्या, बोर्ड लावा.

आरपीएन (धोक्याचा आकडा: सीव्हिरिटी म्हणजे गांभीर्य × किती वेळा घडेल × पकडणं किती अवघड) १०० च्या खाली बसवायला आकडे खेळवतात हेही बरोबर बोललात. ९×२×३ पण ५४ आणि ३×६×३ पण ५४, एकात माणूस मरू शकतो, दुसऱ्यात फार तर दार कुरकुरतं. म्हणूनच २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटना) यांच्या एफएमईए पुस्तकात आरपीएन काढून ॲक्शन प्रायॉरिटी (आधी कशावर काम करायचं याची हाय, मीडियम, लो अशी पातळी) आणली. आता तीही 'लो' दाखवायला सीव्हिरिटी कमी लिहितील म्हणा, आपले लोक काय कमी आहेत!

एका बाबतीत मात्र शंभर टक्के तुमच्याशी सहमत. कस्टमर ड्रॉइंग फ्रीझ करायला उशीर करतो, डाय अर्धी झाल्यावर नवीन रिव्हिजन पाठवतो, एसओपीची (उत्पादन सुरू करायची) तारीख मात्र एक दिवस हलत नाही, आणि 'अर्ली प्लॅनिंग' का नाही केलं हे विचारायला त्याचाच एसक्यूए (व्हेंडरचा दर्जा तपासणारा माणूस) येतो. हे त्यांनी आधी आपल्या घरात सुधारावं.

गेज आर अँड आर (मोजमापातल्या फरकात गेज आणि मोजणाऱ्यांचा वाटा किती) ३४ टक्के आलंय आणि दहाच्या खाली 'दाखवा' असं सांगितलंय म्हणालात ना, तर रीडिंग बदलू नका. आधी पार्ट गेजमध्ये दर वेळी एकाच जागी बसतो का ते बघा, लोकेटिंग पिन झिजलेली असेल तर तीन काय तीस ऑपरेटर बदलून फरक पडणार नाही. पिन बदलून परत घ्या आणि काय येतंय ते इथेच कळवा.