पुन्हा तोच तडा!

गाडीच्या मागच्या दिव्याची पट्टी कापत होतो, शेवटच्या दोन इंचांत अ‍ॅक्रिलिक तडकलं. या काचेसारख्या प्लास्टिकची तिसरी शीट! पेठेतल्या गर्दीतून दुचाकीवर जिवापाड जपत आणलेली. दुकानात विचारावं, कास्ट (साच्यात ओतलेलं) आहे की एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेलं)? उत्तर ठरलेलं: "साहेब, सगळं सारखंच असतं." अहो, नसतं ना सारखं! एक्स्ट्रुडेड लवकर वितळतं. जिगसॉचा, म्हणजे पातं वरखाली हलणाऱ्या विजेच्या करवतीचा, वेग जरा वाढला की पात्यामागे लगदा होऊन कापलेली फट पुन्हा चिकटते. सरळ रेघ असेल तर ओरखडे पाडून टेबलाच्या कडेवर मोडता येते, पण गोलाईचं काय? वरचा कागद न काढता, बारीक दातांचं पातं लावून, अगदी सावकाश कापलं. तरी टोकाला आधार सुटला, शीट थरथरली आणि कोपरा गेला. संताप होतो नुसता!