जीनोम जुळला म्हणून माणूस दोषी ठरत नाही

एक मजकूर सध्या गटागटांतून पुढे ढकलला जातोय. त्याचा सारांश असा: 'रोगजंतूच्या जीनोमवरून (म्हणजे अक्षरांच्या ओळीसारख्या त्याच्या संपूर्ण जनुकीय मजकुरावरून) आता कोणी कोणाला रोग दिला हे शंभर टक्के सिद्ध होतं, अगदी पितृत्वाच्या चाचणीसारखं. साथ सुरू करणारा पहिला रुग्ण सापडतो. घरोघर विचारपूस करायची गरज उरलेली नाही. मग दोषींची नावं जाहीर का करत नाहीत?' मला हे तंत्र मनापासून मोलाचं वाटतं, म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेलं हे सगळं खोडून काढावंसं वाटतं.

पितृत्वाच्या चाचणीपासून सुरुवात करू. त्या चाचणीत बाप कोण आणि मूल कोण हा प्रश्नच नसतो. दिशा आधीच ठाऊक असते, फक्त नातं तपासायचं असतं. साथीत नेमकी दिशाच माहीत नसते. कोरोनाच्या विषाणूचा जीनोम सुमारे ३०,००० अक्षरांचा. तो पसरत असताना एका साखळीत साधारण महिन्याला दोन अक्षरं बदलतात. पण एकाकडून दुसऱ्याकडे जायला त्याला पाच-सहा दिवस पुरतात. म्हणजे एका घरातले चौघे आठवड्याभरात आजारी पडले, तर चौघांचे जीनोम अक्षरन् अक्षर सारखे निघणं ही नेहमीची गोष्ट. त्यात कोण आधी, कोण नंतर? जीनोम गप्प राहतो.

समजा एक अक्षर वेगळं निघालं. आईच्या नमुन्यात एका जागी 'सी', मुलाच्या नमुन्यात त्याच जागी 'टी'. आधीच्या सगळ्या नमुन्यांतही 'सी'च. मग आईकडून मुलाला, असं म्हणण्याचा मोह होतो. पण ज्याचा नमुना कधी घेतलाच नाही अशा तिसऱ्याकडूनही दोघांना लागण झालेली असू शकते. किंवा मुलाच्या शरीरात आधी 'सी' होता, तो आईकडे गेला आणि नमुना घेईपर्यंत मुलाकडे 'टी' वरचढ झाला. कागदावर तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. क्षयाच्या जंतूत तर हे आणखी अवघड. त्याचा जीनोम ४४ लाख अक्षरांचा, आणि बदल साधारण दोन वर्षांत एक. सहा महिन्यांत तीन जणांना लागण झाली तर त्याची खूण जीनोमवर उमटेलच असं नाही.

एचआयव्हीत एकाच शरीरात विषाणूची अनेक रूपं नांदत असल्याने दिशेचा अंदाज कधीकधी बांधता येतो, हे खरं. पण तो अंदाजच, आणि मधला तिसरा माणूस त्यातूनही वगळता येत नाही.

उलट बाजूने मात्र हे तंत्र फार भक्कम आहे. दोन रुग्णांच्या क्षयजंतूंत पन्नास अक्षरांचा फरक निघाला, तर त्यांनी अलीकडे एकमेकांना रोग दिलेला नाही हे ठामपणे सांगता येतं, मग ते एकाच खोलीत राहत असले तरी. 'हो' म्हणताना जीनोम चाचरतो. 'नाही' म्हणताना सहसा चुकत नाही. फिरणाऱ्या मजकुरात नेमकं हेच उलटं झालंय.

आता 'पहिला रुग्ण'. एड्सच्या सुरुवातीच्या काळात कॅलिफोर्नियातल्या रुग्णांच्या संबंधांचा एक नकाशा तयार झाला. त्यात एक कॅनेडियन विमान कर्मचारी होता. तो कॅलिफोर्नियाबाहेरचा म्हणून त्याच्यापुढे इंग्रजी 'ओ' हे अक्षर. ते पुढे शून्य म्हणून वाचलं गेलं, म्हणजे 'पेशंट झिरो', पहिला रुग्ण, आणि अमेरिकेत एड्स आणणारा माणूस म्हणून त्याला जगभर दूषणं मिळाली. १९८४ मध्ये तो गेला. २०१६ मध्ये, १९७०च्या दशकाअखेरीस साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून विषाणूचे जीनोम वाचले गेले. विषाणू न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या आसपासच पोचला होता. या माणसाच्या विषाणूची जागा, जीनोममधल्या फरकांवरून मांडलेल्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी नव्हतीच, मधल्या फांद्यांत होती. त्याचं नाव इथे मी मुद्दाम घेत नाही. आणि हा वृक्ष हाती आलेल्या नमुन्यांचाच असतो. बुंध्याजवळ जो दिसतो तो सापडलेल्यांतला जुना, पहिला असेलच असं नाही.

विचारपूस नको, हा तिसरा दावा. हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा उसळला, जो तिथे निदान शतकभर नोंदला गेला नव्हता. रनो पियारू हे फ्रेंच साथतज्ज्ञ गावोगाव फिरले, रुग्ण कधी आणि कुठे पडले ते नकाशावर मांडलं आणि मिरबालेजवळच्या, नेपाळी शांतिसैनिकांच्या छावणीपाशी वाहणाऱ्या ओढ्यापर्यंत पोचले. २०११ मध्ये नेपाळमधले २४ नमुने हैतीतल्या नमुन्यांशी ताडून पाहिले गेले. काही तर सुमारे ४० लाख अक्षरांत एक-दोन अक्षरांइतकेच वेगळे. एकट्या जीनोमने नेपाळ दाखवलं असतं, ओढा नाही. २०१६ अखेर संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. कोणा एका सैनिकाचं नाव कुठेच नाही, आणि त्याने काही अडलंही नाही. दोष मैला ओढ्यात जाऊ देणाऱ्या व्यवस्थेचा होता.

शिवाय जीनोमचं घड्याळही कधी थांबतं. गिनीत २०२१ मध्ये इबोला परतला, तेव्हा त्याच्या जीनोममध्ये २०१४च्या साथीतल्या विषाणूपेक्षा डझनभरच बदल होते. नेहमीच्या वेगाने शंभरावर व्हायला हवे होते. बहुधा बऱ्या झालेल्या कोणाच्या तरी शरीरात विषाणू वर्षानुवर्षं निपचित पडून राहिला होता. असं काही घडतं हे कळल्यावर बऱ्या झालेल्या हजारो माणसांकडे शेजारीपाजारी कसे बघतील? नावं जाहीर करा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि नावं जाहीर होऊन खटला उभा राहिला तर काय होतं, हेही घडून गेलंय. लिबियातल्या बेनगाझीच्या एका बालरुग्णालयात चारशेहून जास्त मुलांना एचआयव्हीची लागण झाली. आरोप आला बल्गेरियाच्या पाच परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर. त्यांनी मुद्दाम विषाणू टोचला म्हणे. २००६ मध्ये मुलांच्या विषाणूंचे जीनोम तपासले गेले. बदलांचा वेग मोजून मागे गेल्यावर दिसलं की हा विषाणू ही माणसं मार्च १९९८ मध्ये तिथे रुजू होण्याआधीपासूनच पसरत होता. हा निष्कर्ष त्याच वर्षी डिसेंबरमध्ये छापून आला. त्याच महिन्यात न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली. जुलै २००७ मध्ये ते सुटले ते राजनैतिक वाटाघाटींमुळे, आठ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून.