शहर बंद करून शहरात परिषद कशाला?

जगाच्या सुरक्षेवर खल करायला राष्ट्रप्रमुख जमणार असतील तर त्यांनी शहरातच जमावं, असं माझं ठाम मत आहे. डोंगरात नको, लष्करी तळावर नको. पण शहरात यायचं आणि शहरालाच कुंपणाबाहेर ठेवायचं, हे काही मला पटत नाही. २०२५ च्या जूनमध्ये नाटोची, म्हणजे अमेरिका-युरोपातल्या देशांच्या लष्करी आघाडीची, शिखर परिषद नेदरलँड्समधल्या आमच्या हेगमध्ये झाली, तेव्हापासून हे मनात घोळतंय. आज लिहूनच टाकते.

तारखा होत्या २४ आणि २५ जून. ३२ सदस्य देश आणि पाहुणे धरून ४५ च्या आसपास राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुख आले होते. बंदोबस्ताला २७ हजार पोलीस, म्हणजे नेदरलँड्सच्या पोलीस दलातले जवळजवळ निम्मे. शिवाय सैन्याची माणसं वेगळी. एकूण खर्च सुमारे १८ कोटी ३० लाख युरो. मुख्य बैठक चालली अडीच तास आणि त्यातून निघालं पाच परिच्छेदांचं निवेदन. त्यात ठरलं की २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के रक्कम संरक्षण आणि त्याच्याशी निगडित कामांवर खर्च करायची, त्यातले साडेतीन टक्के थेट संरक्षणावर. हा पैसा शाळा, दवाखाने, पेन्शन यांच्याच शेजारच्या खात्यातून यायचा आहे. युक्रेनमध्ये जे चाललंय ते बघता सैन्यावरचा खर्च वाढवावा लागणार हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या खिशातून तो जाणार, त्यांच्या दारात येऊन तुम्ही हे ठरवलंत आणि त्यांना दाराशी उभंही केलं नाहीत, हे मला खटकलं.

बंदोबस्त उगाच होता असं मी अजिबात म्हणणार नाही. २४ तारखेला सकाळीच स्किपोल विमानतळ ते युट्रेक्ट शहर या मार्गावर रेल्वेच्या केबल्स जळाल्या, गाड्यांचा बोजवारा उडाला आणि घातपाताची शक्यता मंत्र्यांनीही नाकारली नाही. चौकाचौकात उभे असलेले पोलीस देशाच्या कानाकोपऱ्यातून आले होते. समुद्राकडे जायचा रस्ता तेच आम्हाला विचारायचे. बारा-बारा तास उभे राहूनही नीट बोलत होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

परिषद भरली वर्ल्ड फोरम या सभागृहात. हे काही गावाबाहेरचं मैदान नव्हे. एका बाजूला संग्रहालयं, दुसऱ्या बाजूला राहती घरं, चालत पंधरा-वीस मिनिटांवर भरवस्तीतला बाजार. तिथे एका सुरिनामी हिंदुस्तानी काकांचं (सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत) छोटं दुकान आहे, रोटी आणि बारा विकतात. (बारा म्हणजे आपल्या वड्याचा सख्खा भाऊ. ज्यांनी खाल्ला नाही त्यांनी जरूर खावा.) त्यांच्या पणजोबांना मजूर म्हणून कलकत्त्याहून जहाजात घालून सुरिनामला नेलं होतं. आम्ही बोलतो ते माझ्या मोडक्या हिंदीत आणि त्यांच्या सरनामीत, म्हणजे तिकडच्या हिंदुस्तानींच्या बोलीत. परिषदेच्या आधीपासूनच त्यांच्या मालाची गाडी वळसे घालून उशिरा यायला लागली. दोन दिवस तर गिऱ्हाईकच नाही, कारण ऑफिसवाल्यांना घरूनच काम करायला सांगितलेलं. भिजवलेली डाळ शेवटी शेजाऱ्यांना वाटून टाकली. ‘बेटी, मोठे लोक आले की लहानांनी दुकान मिटायचं, हे मी पारामारिबोतही पाहिलंय,’ असं ते सुरिनामच्या राजधानीची आठवण काढून म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रारही नव्हती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता थोडा इतिहास, कारण हेगला हे नवीन नाही. आपल्याकडे हेग म्हटलं की कुलभूषण जाधव खटला आणि १७ जुलै २०१९ चा निकाल आठवतो. पण त्याही आधी, १८ मे १८९९ ला रशियाच्या झारच्या पुढाकाराने इथे पहिली शांतता परिषद सुरू झाली. जागा होती हाउस तेन बॉस राजवाडा. ट्रम्प आणि इतर पाहुण्यांना २०२५ मध्ये राजाने मेजवानी दिली ती याच राजवाड्यात. १८९९ च्या बैठकाही बंद दाराआडच होत्या. तरीही बेर्टा फॉन सुटनर नावाच्या शांततावादी ऑस्ट्रियन लेखिका हेगमध्ये तळ ठोकून बसल्या, मुत्सद्द्यांना आपल्या हॉटेलात बोलावून त्यांच्याशी वाद घालत राहिल्या. पुढे १९०५ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्या परिषदेतून आंतरराष्ट्रीय लवादाचं कायमस्वरूपी न्यायालय उभं राहिलं आणि ते आजही हेगमध्येच आहे. सामान्य माणसाला प्रतिनिधींपर्यंत पोचायची वाट होती, आणि परिषद संपल्यावर शहराच्या पदरात काहीतरी उरलं. २०२५ मध्ये यातलं काय होतं? परिषदेला जोडून एक ‘पब्लिक फोरम’ झाला खरा, पण तोही त्याच कुंपणाच्या आत आणि निमंत्रितांसाठी. विरोधातला शेकडो लोकांचा मोर्चा २२ जूनला, रविवारी निघाला, तेव्हा बहुतेक पाहुणे देशात पोचलेलेही नव्हते.

मुंबईचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. २८ ऑक्टोबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक भरली ती थेट ताजमध्ये. तिथे २६/११ च्या वेळी हल्लेखोरांना फोनवरून हुकूम सोडणाऱ्या साजिद मीरचा आवाज सगळ्यांना ऐकवला गेला. ज्या इमारतीत माणसं मेली, तिथेच बसून तो आवाज ऐकायचा! असं झालं की शहर नुसता मांडव राहत नाही, साक्षीदार होतं.

उलट टोकही आहे. २०१२ मध्ये जी-८ या बड्या देशांच्या गटाची बैठक शिकागोहून हलवून कॅम्प डेव्हिडला, अमेरिकी अध्यक्षांच्या डोंगरातल्या विश्रामस्थानी नेली. २०२५ ची जी-७ कॅनडात कनानास्किसच्या डोंगरात झाली. सोयीचं आहे, स्वस्तही पडत असेल. पण निर्णय घेणाऱ्यांना रस्त्यावरचा एक फलकही दिसू नये, एक घोषणाही ऐकू येऊ नये, ही सोय लोकशाहीला परवडणारी नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की परिषद शहरात भरवा. पण मोर्चाला परिषदेच्याच दिवशी, पाहुण्यांच्या नजरेच्या टप्प्यात जागा द्या. एक सत्र तरी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नागरिकांसाठी खुलं ठेवा, त्यांची झडती घ्या, हवी तितकी घ्या. आणि १८ कोटी युरोंच्या हिशेबात दुकानांच्या बुडालेल्या कमाईच्या भरपाईचाही एक रकाना असू द्या, दुकानदाराला वकील गाठावा न लागता.

हेगनंतरची नाटोची परिषद तुर्कस्तानात अंकाऱ्याला ठरली, जुलै २०२६ मध्ये. तिथे कुणी मराठी माणूस राहत असेल तर त्याने डोळे उघडे ठेवून लिहावं. आणि हेगच्या मंडळींनो, तुमच्या गल्लीत त्या आठवड्यात काय झालं ते इथे जरूर सांगा. सगळं एकत्र करून मी ते नगरपालिकेतल्या आमच्या भागाच्या सदस्यांना पाठवणार आहे. डचमध्ये मांडायला कुणी मदत करणार असेल तर आधी कळवा.