थारला चकचकीत साइड स्टेप लावण्याआधी एकदा गाडीखाली वाका

हल्ली नागपुरात सिव्हिल लाइन्सपासून वाडीपर्यंत जिकडेतिकडे थार, जिम्नी नाहीतर स्कॉर्पिओ-एन दिसते, आणि दाराखाली क्रोमची साइड स्टेप. लावा, हौसेला मोल नसतं. पण ‘गाडीला प्रोटेक्शन म्हणून लावली’ असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

बाजारातल्या बऱ्याच स्टेप दोन-तीन पातळ पट्ट्यांवर लटकलेल्या असतात आणि त्या पट्ट्या बॉडीच्या पत्र्याला बारक्या बोल्टांनी आवळलेल्या. माणसाचा पाय त्या पेलतात. पण काटोल-कोंढाळीकडच्या पांदण रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चाक घसरलं आणि गाडी बाजूने काळ्या दगडावर बसली, की पट्टी वाकते, स्टेप वर ढकलली जाते आणि दाराखालचा पत्रा चेपते. म्हणजे जो पत्रा वाचवायचा होता, तोच गेला. तो बंपरसारखा काढून नवा लावता येत नाही. कापून वेल्डिंग करावं लागतं, आणि दार पहिल्यासारखं बसेल याचा भरवसा नाही.

शिवाय लटकती स्टेप क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर, खाते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तीन दारांच्या थारला २४५० मिमी, पाच दारांच्या जिम्नीला २५९०, तर पाच दारांच्या थार रॉक्सला २८५०. चाकांमधलं हे अंतर जितकं जास्त, तितकं शेताचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडताना गाडीचं पोट आधी टेकतं. रॉक्सवाल्याने चार बोटं खाली लोंबणारी स्टेप लावून पांदणीत शिरणं म्हणजे दगडाला आवतण देणं.

खरं संरक्षण हवं असेल तर रॉक स्लायडर, म्हणजे गाडीचं वजन पेलणारा दाराखालचा जाड पाइप लावा, तोही थेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन या तिन्ही गाड्यांना शिडीसारखी स्वतंत्र चासी आहे, म्हणून हे जमतं. क्रेटा-ब्रेझाला अशी वेगळी चासी नसते, त्यांच्या मालकांनी या भानगडीत पडूच नये.

ऑटोमोटिव्ह चौकाकडे जा नाहीतर हिंगणा एमआयडीसीत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे. ‘एकदम हेवी आहे भाऊ, काही नाही होत’ हे सगळेच म्हणतात. तुम्ही पाइपच्या उघड्या तोंडाला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. जाडी ३ मिमीच्या खाली असेल तर चहा पिऊन परत या. ब्रॅकेट चासीला टेकतं तिथे रुंद प्लेट आणि तिकोनी पट्टीचा आधार आहे का, तेही बघा. बाहेरचा पाइप जरा वर उचललेला हवा, म्हणजे दगड किंवा झाडाचा बुंधा दारापर्यंत न येता आधी पाइपाला लागतो. आणि सगळ्यात सोपी परीक्षा: स्लायडरखाली जॅक लावून त्या बाजूचं चाक उचला. पाइप वाकला किंवा पत्र्याला टेकला, तर पैसे देऊ नका.

पत्रा आणि पाइप यांत बोटभर फट लागतेच. बॉडी रबराच्या माउंटवर बसलेली असते, चासीपेक्षा वेगळी हलते. एकच स्लायडर दोघांनाही आवळला की काही महिन्यांत बोल्टाभोवती पत्रा तडकायला लागतो.

बसवताना कारागीर म्हणेल, ‘काहून बोल्ट लावता, वेल्डिंगच मारून देतो ना!’ ऐकू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने चासीचं पोलाद त्या जागी कमजोर पडू शकतं, वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. कंपनीची भोकं वापरा, नाहीतर चासीला दोन्हीकडून धरणारी प्लेट लावा. चासीच्या वरच्या-खालच्या कडेला नवं भोक पाडू देऊ नका, ताण तिथेच जास्त असतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे (डोक्यावर आकडा बघा), नट हादऱ्याने सैल न होणारे नायलॉनवाले. ब्रेकची किंवा डिझेलची नळी, वायरिंग ब्रॅकेटखाली दबलं नाही ना, हे टॉर्च मारून स्वतः पाहा. पहिल्या खडबडीत फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

वजन वाढतं हे खरं. जोडी सहज ३०-४० किलोची होते, मायलेजवरून रडणाऱ्यांनी आधीच विचार करावा.

‘मग आईबाबा चढणार कसे?’ हा प्रश्न मला रास्त वाटतो. बहुतेक घरांत स्टेप त्यांच्यासाठीच लागते, मुलं फक्त नाव ऑफरोडिंगचं घेतात. स्लायडरच्या वर जाळीदार पत्रा मारून घ्या, पाय घसरत नाही. सपाट पत्रा नको, आपली काळी माती त्यावर थापून बसते आणि उन्हात विटेसारखी कडक होते. तरी उंची जास्तच वाटली तर दाराला आतून धरायला हँडल लावून द्या, आमच्याकडे आईला स्टेपपेक्षा त्याचाच जास्त आधार होतो.

पावडर कोटिंगच्या रंगावर तासभर घासाघीस करू नका. पहिल्या दगडाला तो जाणारच. रेड ऑक्साइड आणि काळ्या स्प्रेचा एक डबा डिकीत टाकून ठेवा.