दोन आठवड्यांची परदेशवारी आणि आपली मुरडलेली नाकं

मंडळाच्या गणपतीत यंदा प्रसादाच्या रांगेत एका ओळखीच्या काकांनी विचारलं, "काय गं, ऑफिसात सध्या काय चाललंय?" म्हटलं, गिल्मनच्या अर्जांची गडबड आहे, कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना परदेशी शिकायला पाठवायची शिष्यवृत्ती. काकांच्या भुवया वर. "कम्युनिटी कॉलेजची मुलं? परदेशात? किती दिवस?" दोन-तीन आठवडे, असं सांगितल्यावर ते मोकळं हसले. "म्हणजे सहल! तसं सांग की."

रांग पुढे सरकली आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. ते इथे लिहितेय. काका फेसबुकवर आहेत, वाचतीलच.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी आधी थोडं. मी बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात फायनान्शियल एड ऑफिसला आहे, अकरा वर्षं झाली. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. प्रवेश कुणालाही. कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत आणि इथल्या रहिवाशाला एका युनिटची, म्हणजे क्रेडिटची, फी ४६ डॉलर. साठ युनिटांची असोसिएट डिग्री तीन हजार डॉलरच्या आत होते. आपल्या लोकांत मात्र "मुलगा कुठे असतो?" याचं उत्तर "डी अँझाला" असं आलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि मग "अच्छा, छान" म्हणतो. तो क्षणभर मी शेकडो वेळा ऐकलाय.

पुण्यात माझ्या मावशीकडे काही वर्षं अमेरिकन विद्यार्थी राहायला यायचे. मिडवेस्टमधल्या छोट्या, महागड्या कॉलेजांच्या संघटनेचा पुण्यात बरीच वर्षं कार्यक्रम होता, ही मुलं मराठी कुटुंबांत राहून मराठी शिकायची. त्यातली एक मंडईत जाऊन "मेथी कशी दिली?" असं इतक्या ठसक्यात विचारायची की भाजीवाली आधी हसायची आणि मग भाव सांगायची. तेव्हा मला वाटायचं, अमेरिकेतली झाडून सगळी मुलं अशीच जग फिरत शिकतात. इथे आल्यावर कळलं, मावशीकडे आलेली सगळी एकाच थरातली होती. इथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक कम्युनिटी कॉलेजात असतात, आणि परदेशी शिकायला जाणाऱ्यांत त्यांचा वाटा शेकडा दोनच्या आसपास.

कुणी त्यांना अडवलेलं नाही. गंमत तीच आहे. नियमाने सगळं उघडं आहे. कॉलेजने मान्य केलेल्या अभ्यासक्रमाला पेल ग्रँटचे, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकार देतं त्या मदतीचे, पैसे परदेशातही वापरता येतात. गिल्मन तर पेल मिळणाऱ्यांसाठीच आहे, २००० सालच्या कायद्याने सुरू झालेली, परराष्ट्र खात्याची, पाच हजार डॉलरपर्यंत. शिवाय तिच्यात एक शहाणपणाची तरतूद आहे: चार वर्षांच्या कॉलेजवाल्यांचा कार्यक्रम किमान २१ दिवसांचा लागतो, कम्युनिटी कॉलेजवाल्यांचा १४ दिवसांचा चालतो. हा नियम करणाऱ्याने आमच्या ऑफिसातल्या खुर्चीवर दोन तास तरी काढले असावेत.

कारण आमच्या खुर्चीसमोर कोण बसतं? दोन वर्षांपूर्वीची एक सांगते. वय ३१, ऑकलंडमध्ये वाढलेली, सात वर्षांचा मुलगा, गोदामात रात्रपाळी, दिवसा कम्युनिटी हेल्थ वर्करचा कोर्स. तिच्या प्राध्यापिकेचा उन्हाळ्यात कोस्टा रिकाला सोळा दिवसांचा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम होता. अर्जावर माझा शिक्का, म्हणजे ऑनलाइन 'सर्टिफाय'चं बटण, लागतो म्हणून ती आली होती.

तिने पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बँकेतलं मिळतं ते पांढरं पाकीट, वर पेनाने लिहिलेलं: पासपोर्ट. आत १६५ डॉलर, बहुतेक वीस-वीसच्या नोटा. १३० पासपोर्टचे, ३५ अर्ज स्वीकारायची फी. ती आयुष्यात विमानात बसली नव्हती, त्यामुळे पासपोर्ट नव्हता. त्यासाठी जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत लागते, तीही तिच्याकडे नव्हती, त्याचे पैसे वेगळे. आणि शिष्यवृत्तीचा निकाल लागतो मेमध्ये, तर ट्रिपचा पहिला पाचशेचा हप्ता फेब्रुवारीत! निकालाआधी हप्ता कुठून भरायचा? शेवटी दोन प्राध्यापकांनी आणि मी मिळून भरला. ही काही व्यवस्था झाली का? आणि बरोबरीची सुखवस्तू मुलं ज्या हप्त्यासाठी विचारही न करता कार्ड पुढे करतात, तिथेच आमची निम्मी मुलं गळतात. सीआयईई नावाची संस्था कॉलेजांत जाऊन पात्र विद्यार्थ्यांना फुकट पासपोर्ट काढून देते, हे ऐकून आधी मला हसू आलं होतं. पाकीट पाहिल्यावर नाही आलं.

तर काका, तिने सेमिस्टरभर फ्लॉरेन्सला जाऊन राहायला हवं होतं का? घरभाडं थांबत नाही. गोदामवाले चार महिने नोकरी राखून ठेवत नाहीत. मुलाला आजीकडे सोळा दिवस ठेवता येतं, सेमिस्टरभर नाही. नर्सिंगसारख्या कोर्सांत तर एक टर्म चुकली की तुकडी पुढे जाते आणि तुम्ही वर्षभर मागे.

आपल्याकडे पालख्या आळंदी-देहूहून निघतात त्या जेमतेम तीन आठवड्यांत पंढरपुरी पोचतात. ती वारीही बहुतेकांना पेरण्या उरकून, घरच्या कुणाच्या गळ्यात जनावरं घालून साधावी लागते. ज्याला पूर्ण वाट जमत नाही तो वाखरीला येऊन दिंडीत मिसळतो. त्याला आपण "सहलीला आलास का" असं विचारतो? कष्टकऱ्याच्या पंचांगात जे बसतं ते तेवढंच असतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर मीच माहितीपत्रक छापतेय असं वाटेल. काही ट्रिपा खरंच सहली असतात. प्राध्यापकाला एखादा देश बघायचा असतो, मग त्याला तीन युनिटं चिकटवली जातात. काहींत निम्म्या जागा निवृत्त मंडळींनी भरलेल्या असतात, कारण पैसे आणि वेळ दोन्ही त्यांच्याकडे आहे. मी अर्ज पुढे पाठवण्याआधी एकच गोष्ट विचारते: तिथे सकाळी नऊला तुम्ही काय करत असणार? "म्युझियम, मग मोकळा वेळ" असं उत्तर सलग चार दिवसांसाठी आलं की मला कळतं.

तिच्या वेळापत्रकात सकाळी नऊला एबाइस होतं. कोस्टा रिकात नव्वदच्या दशकापासून प्राथमिक आरोग्याची अशी छोटी पथकं आहेत: एक डॉक्टर, एक नर्स, आणि एक घरोघरी फिरणारा आरोग्यसेवक. चार-पाच हजार लोकांमागे असं एक पथक. ती त्या फिरणाऱ्या बाईबरोबर फिरली. कुणाची साखर, कुणाच्या पोराची लस, कुणाच्या अंगणात साचलेलं डासांचं पाणी. परत आल्यावर मला म्हणाली, "आमच्याकडे हे काम म्हणजे प्रोजेक्टचा निधी संपला की पहिलं जाणारं. तिथे त्या बाईची लोक वाट बघत होते." मग विचारलं, "तुमच्या देशात असं कुणी असतं का?" मी तिला आशाताईंबद्दल सांगितलं. गावाकडच्या आमच्या आशाताईंना मी वर्षानुवर्षं नुसता नमस्कार करत आलेय, त्यांना मिळतं किती, कधी, कसं, हे विचारायचं मला पहिल्यांदा सुचलं ते कोस्टा रिकाहून आलेल्या ऑकलंडच्या बाईमुळे. सोळा दिवसांत काय होतं, तर निदान एवढं होतं.

आपल्याच घरातली एक गोष्टही सांगायला हवी. मंडळात आमच्या ओळखीचा एक मुलगा आहे, चौथीपासून इथे वाढलेला, एच-४ वर, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. कम्युनिटी कॉलेजात गुण उत्तम, कॉलेजचा लंडनचा कार्यक्रम त्याला हवा होता. पेल नाही, म्हणून गिल्मन नाही. (ग्रीनकार्ड असतं तर पेल मिळाली असती. गिल्मनला मात्र नागरिकत्वच लागतं.) बाबा म्हणाले, पैसे मी भरतो. पण भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा काढा, परत येताना एच-४ चा शिक्का नसेल तर वकिलातीची तारीख शोधा, आणि तारीख हुकली तर पुढची टर्म बुडाली. त्यात तो एकवीसच्या उंबरठ्यावर, म्हणजे एच-४ च संपत आलेलं. घरात तीन रात्री खल झाला आणि तो गेला नाही. बरोबरच केलं त्यांनी. पण त्याच्या बाबांनाही पूर्वी कम्युनिटी कॉलेज म्हटलं की "अच्छा, छान" म्हणायची सवय होती, ती आता गेली.

आणि हे सगळं सरकारी पैशावर चालतं, म्हणजे सरकारच्या लहरीवरही. २०२५ च्या सुरुवातीला परराष्ट्र खात्याने अशा कार्यक्रमांचे पैसे मध्येच रोखले, तेव्हा फोन उचलायची भीती वाटायची. प्रत्येक फोनवर एकच प्रश्न, "माझे येणार ना?" आणि माझ्याकडे उत्तर नाही.

परवा ती पुन्हा आली होती. आता काउंटीच्या दवाखान्यात अर्धवेळ लागली आहे. हातात तेच पाकीट, वरचं 'पासपोर्ट' तसंच, खाली मुलाचं नाव लिहिलेलं. विचारत होती, लहान मुलांची फी वेगळी असते का. असते, म्हटलं, १०० अधिक ३५. पण सोळाच्या आतल्या मुलासाठी दोन्ही पालकांची संमती लागते. हे ऐकून ती जरा गप्प झाली. मग पाकीट पर्समध्ये ठेवत म्हणाली, "त्याला शोधावं लागेल."