महादेवाला चालतं, गिनीपिगला नाही

लेकीची फर्माईश एवढीच होती, की गिनीपिगांची जोडी रोज थोडा वेळ बागेत चरायला सोडायची. पिशवी नुसती वाजली तरी 'वीऽक वीऽक' करून गल्ली गोळा करणारी ही जोडी बाहेर गेलेली बरी, असं माझंही मत होतं. पण या प्राण्याला उलटी होत नाही. पोटात गेलं ते गेलं. म्हणून आधी झाडाझाडाची चौकशी लावली आणि निम्मी बाग गुन्हेगार निघाली.

दारातली कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी, तिचं वाळकं पानसुद्धा. सदाफुली त्याच माळेतली. कुंपणाला घाणेरी. मनीप्लांटच्या पानात कॅल्शियम ऑक्सलेटचे स्फटिक, म्हणजे तोंडाची आग. टोमॅटो पिकलेला चालतो, त्याचा पाला नाही.

आईला हे पटेना. "देवाला चालतंय आणि ह्या उंदराला चालत नाही व्हय?"

आता महादेवाचं काय सांगावं? हलाहल पचवलेल्याला धोतरा म्हणजे बडीशेप. मारुतीची रुई, तिचा चीकही तसलाच. सगळ्या देवांत एकट्या गणपतीचं ताट गिनीपिगला मानवतं, दूर्वा आणि जास्वंद. वाहनाच्या भाऊबंदांची सोय त्यानं आधीच बघून ठेवली असणार.

शेजारच्या काकांचा सिद्धांत वेगळा. "आवो, जनावराला कळतंय काय खायाचं ते. आमची म्हस बघा की!" म्हशीला कळत असेल. गिनीपिगचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत, तिथं त्याच्या आजा-पणजानं कण्हेर बघितलीच नव्हती. तरी काकांनी मशीननं कापलेलं पोतंभर गवत आणून दिलं. असं गवत ढिगात तापतं, आंबतं, आणि पोट फुगवतं. मी ते परत केलं. काकांनी बोलणं टाकलं.

अँडीजचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, पेरू देशात हा प्राणी खातात. ही बातमी मी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलेली नाही. गाव तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं, आणि मंगळवार पेठेतला मेव्हणा येईल तेव्हा पिंजऱ्यापुढं उभा राहून "किलोभर भरंल का रं?" म्हणतोच. भरतं, पण मी सांगत नाही.

माणसासारखंच यांनाही क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. त्यामुळं कपिलतीर्थ मंडईतली ढबू मिरची आधी पिंजऱ्यात जाते, उरली तर आमच्या भाजीत.

शेवटी दूर्वांच्या पट्ट्यावर जाळी ठोकली, वरूनही झाकली, कारण बोके आणि घारी आमच्याकडं मुबलक. जोडी खूश. संकष्टीला आईनं दूर्वा मागितल्या, तर पट्टा सफाचट. गेलो काकांच्या कुंपणापाशी. काका मशीन थांबवून बघत राहिले.

"कापल्यालं चालत नाही म्हणालता की."

"हे देवाला हवंय, काका."

"मग न्या. त्यो काय नखरं करत न्हाई."