‘वाडा पाडा, हॉल बांधा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या फिरणाऱ्या मेसेजचं म्हणणं असं: रिकामा वाडा वाचनालयाला किंवा वर्गांना देणं म्हणजे पैसे पाण्यात. लाकूड कुजलेलं, भिंती ओल्या, मजला गर्दी पेलत नाही, आणि हेरिटेज यादीत नाव असेल तर खिळाही ठोकता येत नाही.

लाकडाचं आधी. सागवानी तुळई सहसा अख्खी कुजत नाही; कुजतं ते भिंतीत शिरलेलं टोक, कारण तिथे गळतीचं पाणी मुरतं आणि वारा लागत नाही. भिंतीलगत टोचा दाबून पाहा. सहज आत शिरला तर टोक गेलंय. हातभर पुढे तोच टोचा अडला तर बाकीची तुळई ठणठणीत आहे. खालून टेकू देऊन कुजका भाग कापायचा आणि जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने, बोल्ट लावून जोडायचा. टेकणापाशी वाक कमी असतो, म्हणून तिथे सांधा चालतो. मधोमध पोखरलेली तुळई मात्र बदलावीच लागते. नव्या टोकाभोवती बोटभर पोकळी सोडा. गवंडी ती हौसेने सिमेंटने बुजवतो. त्याला तेव्हाच थांबवा.

भिंतींना लोणा लागतो त्यात बऱ्याचदा वरून फासलेल्या सिमेंटचा हात असतो. ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार आत साठतात, विटा भुगा होतात. गिलावा छिन्नीने काढा (ब्रेकरने विटाही निघतात), भिंत पूर्ण वाळू द्या, मग १ भाग मुरवलेला चुना आणि ३ भाग वाळू. त्याआधी बाहेर बघा: डांबराचे थर चढून रस्ता जोत्याच्या वर आला असेल, तर गटार केल्याशिवाय गिलाव्याला हात लावू नका.

गर्दीचा मुद्दा निम्मा खरा आहे. भारतीय मानकानुसार घराच्या मजल्याला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, मोकळ्या सभेला ५००, पुस्तकांच्या मांडण्यांना ६०० किंवा जास्त. म्हणून पुस्तकं तळमजल्यावर, कार्यक्रम वाड्याच्या आतल्या चौकात, आणि वर मोजक्या टेबलांची अभ्यासिका. तीही अभियंत्याने मजला तपासल्यावरच. भिंतीतला अरुंद जिना हा एकच रस्ता असेल तर दुसरा जिना बसेपर्यंत वर कुणालाच नाही.

राहिला खिळा. पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आणि महापालिकेची यादी यांची इथे गल्लत झालीय. पालिकेच्या यादीत श्रेणीनुसार, परवानगी घेऊन बदल करता येतात. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात तर १८२१ मध्येच संस्कृत पाठशाळा भरली, पुढे नगरपालिकेची कचेरी आली, टपाल कार्यालयही आलं.